दायज्ज कोणाचे? मुलांना सांगावयाच्या वारशाविषयी काही विचार

विनयपिटकाच्या महावग्गात राहुलकुमाराच्या प्रव्रज्येचा प्रसंग आला आहे. संबोधीनंतर तथागत कपिलवस्तूस आले असता राहुलमातेने आपल्या लहानग्या मुलाला, 'ते तुझे पिता आहेत, जा आणि आपले दायज्ज माग', अशा अर्थाचे सांगून त्यांच्याकडे पाठविले. दायज्ज म्हणजे वारसा, पित्याकडून पुत्राला मिळणारे धन. मुलगा भगवंतांच्या जवळ उभा राहिला, त्यांची सावली सुखद असल्याचे म्हणाला आणि ते निघाले तेव्हा मागोमाग चालत आपले दायज्ज मागत राहिला. भूमी, धान्य, कुळाचे नाव, यांखेरीज वारसा तो काय, अशीच त्या काळच्या कोणाही गृहस्थाची समजूत असणार. भगवंतांनी यांपैकी काहीच दिले नाही. त्यांनी सारिपुत्त थेरांना बोलावून राहुलाला प्रव्रज्या देण्यास सांगितले. नातवाच्या या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने आपले दुःख निवेदन केल्यावर, मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियमही भगवंतांनी घालून दिला.

या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मूल वारसा मागते आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु वारसा म्हणून काय द्यावे याचा निर्णय देणाऱ्याला विचारपूर्वक करावा लागतो. दुसरी अशी की, मुलाला वारसा देणे ही एकट्या गुरूची बाब नव्हे. त्यात घराचे सुखदुःख गुंतलेले असते. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना आमिषाचे नव्हे तर धम्माचे वारस होण्यास सांगितले आहे. राहुलाला जे मिळाले ते याच अर्थाचे दायज्ज होते.

आज महाराष्ट्रातील अनेक विहारांत रविवारी सकाळी मुलांचे वर्ग भरतात. त्रिसरण-पंचशील, थोडी पालि गाथा, बाबासाहेबांचे चरित्र, लेण्यांची सहल, चित्रकला, वक्तृत्व, प्रश्नमंजूषा असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. या वर्गांतून मुलांना इतिहास सांगितला जातो, तो त्यांना कोणत्या प्रकारचे वारस बनवितो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी आधी आपल्याहून जुना अनुभव असलेल्या श्रीलंकेकडे पाहणे उपयुक्त ठरेल, असे आम्हांस वाटते.

१८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले. त्या वेळच्या करारात बौद्ध धम्माच्या रक्षणाचे आश्वासन होते. पुढील काळात ते पाळले गेले नाही अशी सिंहली बौद्धांची भावना झाली. विहाराशी जोडलेले परंपरागत शिक्षण मागे पडले आणि सरकारी नोकरीकडे नेणारे इंग्रजी शिक्षण प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या शाळांत मिळू लागले. १८७३ साली पानदुरा येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्यात जाहीर वादसभा झाली, तीमुळे बौद्ध समाजात आत्मविश्वास निर्माण झाला. तिचा वृत्तान्त वाचून आकृष्ट झालेले कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट आणि मॅडम ब्लाव्हाट्स्की मे १८८० मध्ये लंकेत आले व गॉल येथील विजयानंद विहारात त्यांनी पंचशील ग्रहण केले.

ऑल्कॉट यांच्या लवकरच लक्षात आले की, प्रश्न वादसभा जिंकण्याचा नसून मुलांचा आहे. बौद्ध मातापित्यांची मुले आपल्या परंपरेविषयी काहीही न जाणता मोठी होत होती. १८८१ साली त्यांनी प्रश्नोत्तररूपाने 'बुद्धिस्ट कॅटेकिझम' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. विद्योदय परिवेणाचे प्रमुख हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेर यांनी ती तपासून तिला मान्यता दिली होती. २८ एप्रिल १८८५ रोजी, वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी इंग्रजी अमलात पुन्हा मान्य झाल्यावरच्या पहिल्या वैशाख दिनी, आज सर्वत्र फडकणारा बौद्ध ध्वज प्रथम उभारला गेला. १८८६ साली कोलंबोत इंग्रजी माध्यमाची बौद्ध शाळा निघाली. तीच पुढे आनंद कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. १८९५ साली गॉलच्या विजयानंद विहारात सुरू झालेला मुलांचा वर्ग हा रविवारच्या धम्मशाळांचा आरंभ मानला जातो. १८९८ साली कोलंबोत स्थापन झालेल्या यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनने पुढे या धम्मशाळांच्या परीक्षा घेण्याचे काम अंगावर घेतले.

ही चळवळ ज्या वेदनेतून निर्माण झाली ती समजून घेण्यासाठी एका मुलाची हकीकत पुरेशी आहे. डेव्हिड हेवावितारने हा कोलंबोतील सधन बौद्ध घरातला मुलगा मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत होता. वैशाख पौर्णिमेला घरी राहून सण पाळण्याची अनुमती त्याने मागितली, ती नाकारली गेली. तो तरीही घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला छडीचा मार बसला. पुढच्या वर्षीही त्याने तेच केले व तेच सोसले. हाच मुलगा पुढे अनागारिक धर्मपाल झाला आणि १८९१ साली त्याने महाबोधी सभेची स्थापना केली. स्वतःचा सण पाळल्याबद्दल जेथे मुलाला मार खावा लागतो तेथे वारशाचे शिक्षण ही हौस उरत नाही, ती आत्मसन्मानाची गरज ठरते. हे सत्य ज्याला कळत नाही त्याला धम्मशाळांचे मोल कळणार नाही.

शुभ्र वस्त्रे परिधान करून रविवारी विहारात येणारी मुले, त्यांची जातककथांची पाठांतरे, भक्तिगीते, वैशाखातील कागदी कंदील, अनुराधपूर-मिहिंतलेच्या यात्रा हे सर्व आजही लंकेच्या लोकजीवनाचे अंग आहे. शाळांसाठी इतिहासकथाही लिहिल्या गेल्या. जर्मनीत जन्मलेल्या व अमेरिकेतून लंकेत आलेल्या मेरी म्यूझियस हिगिन्स या बाईंनी मुलींच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले आणि महावंसाच्या आधारे लंकेच्या इतिहासातील गोष्टी मुलांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिल्या. मुलांनी आपल्या भूमीचा इतिहास परक्यांच्या राजांच्या नावांऐवजी आपल्या ग्रंथांतून शिकावा, ही त्यामागील दृष्टी होती.

येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. ज्या १८९५ साली गॉलचा वर्ग सुरू झाला त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही मुलांची देशभक्तिपर संस्था स्थापन झाली. मार्गारेट सिडनी या नावाने मुलांच्या कथा लिहिणाऱ्या हॅरिएट लोथ्रॉप या तिच्या संस्थापक. ऐतिहासिक स्थळांच्या भेटी, स्मारकांची जपणूक, राष्ट्रध्वजाचा आदर, स्वातंत्र्ययुद्धाच्या कथा असे तिचे कार्य. संस्था आजही चालू आहे. तिच्या सभासदत्वाची अट लक्षणीय आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या किंवा त्यास साहाय्य केलेल्या व्यक्तीचा थेट वंशज असलेले मूलच तिचे सभासद होऊ शकते. या संस्थेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पूर्वजांचे स्मरण ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वारसा रक्ताने मिळतो ही कल्पना येथे नियमाच्या रूपाने स्पष्ट दिसते. विहारातील वर्गाच्या दारावर असा नियम नसतो. दार सर्वांना उघडे असते. मात्र दारावर नसलेला नियम धड्यांत लपून बसू शकतो, आणि लंकेच्या अनुभवातून शिकण्याजोगी गोष्ट नेमकी ही आहे.

धम्मशाळांतील इतिहासाचा मुख्य आधार महावंस. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात महानाम थेरांनी रचलेला हा पालि काव्येतिहास आहे. त्याच्या प्रत्येक परिच्छेदाच्या समाप्तीस एक ठरावीक वाक्य येते. त्यात हा ग्रंथ सुजनांच्या ठायी पसाद आणि संवेग उत्पन्न व्हावा यासाठी केल्याचे म्हटले आहे. पसाद म्हणजे श्रद्धेने येणारी मनाची प्रसन्नता. संवेग म्हणजे अनित्यता व दुःख पाहून अंतःकरण हादरणे, खडबडून जागे होणे. इतिहासाने दोन्ही साधावे, अशी ग्रंथकाराची प्रतिज्ञा आहे. आमच्या मते मुलांना वारसा कसा सांगावा याचे सूत्र या दोन शब्दांत आहे. पसादावाचून इतिहास कोरडा होतो. संवेगावाचून तो गर्वाचे खाद्य होतो.

महावंसातील सर्वांत लोकप्रिय कथा दुट्ठगामणी आणि एळार यांची. एळार हा दक्षिण भारतातून आलेला द्रविड राजा. ग्रंथानुसार त्याने अनुराधपुरावर ४४ वर्षे राज्य केले. दुट्ठगामणीने त्याला द्वंद्वात मारून लंका एकछत्री केली व महाथूप उभारला. शाळेतील गोष्टीत एवढेच सांगितले की एक वीर व एक शत्रू असे सरळ चित्र तयार होते. परंतु महावंस एवढेच सांगत नाही. एकविसाव्या परिच्छेदात एळाराच्या न्यायाची वर्णने आहेत. दाद मागणाऱ्यासाठी त्याने शय्येजवळ घंटा बांधली होती. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडून मेले तेव्हा गाईने ती घंटा वाजविली आणि राजाने स्वतःच्या मुलाला तशाच प्रकारे देहदंड दिला. पंचविसाव्या परिच्छेदात विजयी दुट्ठगामणीने एळाराचा अंत्यसंस्कार सन्मानाने केला, तेथे चैत्य बांधविला, आणि त्या जागेवरून जाताना राजांनी वाद्ये बंद ठेवण्याची प्रथा पडली, असे सांगितले आहे. शत्रूच्या समाधीपाशी वाद्ये थांबविणारा हा वारसाही महावंसाचाच आहे.

याच परिच्छेदात एक अवघड प्रसंग आहे. विजयानंतर दुट्ठगामणीला आपल्यामुळे झालेला नरसंहार आठवून सुख लाभेना. तेव्हा आठ अर्हत आले आणि त्यांनी त्याची समजूत घातली की, मृतांत खरे मनुष्य दीडच होते: एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशीलही घेतलेला, बाकीचे मिथ्यादृष्टी, पशुवत्. पालीच्या कोणाही अभ्यासकाला येथे थांबावे लागते. पाणातिपाताविषयीच्या बुद्धवचनात मारल्या जाणाऱ्याच्या श्रद्धेची चौकशी कोठेही नाही. प्राणिमात्राविषयीची मेत्ता हे ज्या धम्माचे हृदय, त्याच्या अर्हतांच्या तोंडी हा हिशेब कसा आला, याचे उत्तर ग्रंथकाराच्या काळातील राजकीय भीतीत शोधावे लागेल. निकायांत ते सापडणार नाही. राजाच्या मनात निर्माण झालेला संवेग खरा होता. सांत्वनाने तो विझवला.

वीराची प्रतिमा ठेवून त्याची अस्वस्थता वगळली की वारशाचे काय होते, हे लंकेने पुढे पाहिले. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. १९८१ साली जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. त्यात सुमारे ९७००० ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. जुलै १९८३ मध्ये तमिळांवर हल्ले झाले आणि त्यानंतर पेटलेले यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले. दोन्ही बाजूंनी अपरिमित हिंसा झाली. या सर्वांचे खापर रविवारच्या वर्गांवर फोडणे अन्यायाचे होईल; भाषा, नोकऱ्या, जमीन, निवडणुका अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु युद्धाच्या काळात दुट्ठगामणीचे नाव पुनःपुन्हा घेतले गेले, आणि ते घेणाऱ्यांनी ते लहानपणीच ऐकलेले होते. लंकेतूनच या विरुद्ध आवाजही उठला. पालि अट्ठकथांच्या आधारे लंकेतील बौद्ध धम्माचा प्रारंभिक इतिहास लिहिणारे विद्वान ई. डब्ल्यू. अडिकारम यांनी, वंशाभिमानी माणूस हा मनाने आजारी असतो, अशी भूमिका १९५० च्या दशकातच स्पष्ट शब्दांत मांडली होती.

या कथेशेजारी अशोकाचा तेरावा शिलालेख ठेवून पाहावा. कलिंगयुद्धात १००००० माणसे मारली गेली, १५०००० माणसे पकडून नेली गेली व त्याहून कितीतरी अधिक मेली, हे अशोक स्वतः सांगतो आणि त्याबद्दल त्याला तीव्र दुःख झाल्याचेही सांगतो. मृतांत श्रद्धावान किती, अशी विभागणी तो करीत नाही. उलट तेथील ब्राह्मण, श्रमण आणि गृहस्थ या सर्वांना व त्यांच्या आप्तांना दुःख झाले, याचीच त्याला खंत आहे. आश्चर्याची गोष्ट अशी की, महावंसाला अशोकाच्या धम्मप्रवेशाची कथा सांगावयाची असताना कलिंगयुद्धाचा हा पश्चात्ताप त्यात येत नाही; तेथे सात वर्षांच्या निग्रोध सामणेराच्या उपदेशाने राजा प्रसन्न होतो. म्हणजे पसाद आला, संवेग शिलेवरच राहिला.

भारताने आपल्या राष्ट्रचिन्हांसाठी याच राजाकडे पाहिले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने स्वीकारलेल्या ध्वजावर अशोकचक्र आले आणि २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष राजमुद्रा झाला. आमच्या वर्गातील मुले ध्वजाला वंदन करतात तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सांगतो की, जिंकल्यानंतर ज्याला लाज वाटली आणि ती ज्याने दगडावर कोरून ठेवली अशा राजाचे हे चिन्ह आहे. देशभक्तीचा याहून चांगला धडा आम्हांस माहीत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मे १९५० मध्ये श्रीलंकेत भरलेल्या जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाला बाबासाहेब डॉ. आंबेडकर उपस्थित होते. पालि विद्वान जी. पी. मललसेकर हे त्या परिषदेचे प्रवर्तक. बौद्ध देशातील धम्मजीवन बाबासाहेबांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. पुढे १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. लंकेतील मुलांपुढे विस्मृत होऊ घातलेला वारसा होता. आपल्या मुलांपुढे हिरावलेला वारसा आहे. त्यामुळे आपल्या वर्गातील इतिहासाला धार अधिक, आणि म्हणून जबाबदारीही अधिक आहे.

ही जबाबदारी आम्ही स्वतः एकदा चुकलो, ते येथे सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना लेण्यांचा इतिहास शिकविताना सातवाहन, क्षत्रप, लेण्यांची संख्या, त्यांची भव्यता अशी यादी पाठ करून घेत असू आणि शेवटी 'हे सर्व आपले होते' असे सांगत असू. एके रविवारी एका मुलाची आई वर्ग सुटल्यावर भेटली. तिच्या मुलाने चाळीतील आपल्या मित्राला, तुमच्या लोकांनी आमचे सगळे बळकावले, असे म्हणून खेळातून घालवून दिले होते. ती बाई रागावलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, 'सर, मी लहान असताना मला पाणवठ्यावरून घालवीत. ते दुःख त्याला कळावे म्हणून मी त्याला इथे पाठवते. तो घालवायला कसा शिकला?' आमच्यापाशी उत्तर नव्हते. शुद्धोदनाचा प्रसंग आम्ही अनेकदा शिकविला होता. मुलाच्या वारशात घराचे दुःख गुंतलेले असते, याचा अर्थ त्या दिवशी आम्हांस समजला.

त्यानंतर आम्ही धडे बदलले. आरंभ केला तो सोपाऱ्यापासून. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय सहलीचाच आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रेला जात. अशोक संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांचे व वृद्धांचे दर्शन, दान, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस या गोष्टी येतात. आमच्या मुलांची सहल आता याच क्रमाने होते. लेणे पाहण्याआधी ती पायथ्याच्या गावात जातात, वृद्धांना नमस्कार करतात आणि त्यांना लेण्याविषयी काय ठाऊक आहे ते विचारून वहीत लिहून घेतात. गावकरी कोणत्या जातीचे वा धर्माचे, हे वहीत लिहावयाचे नाही, एवढा एकच नियम आहे.

लेण्यात गेल्यावर मुले दानलेख वाचतात. ब्राह्मीची अक्षरे दोन-तीन महिन्यांत मुलांना येतात. मोठ्यांपेक्षा लवकर येतात. कार्ले येथील चैत्यगृहाच्या लेखांत वेजयंतीचा सेठी भूतपाल आहे, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, तेथलाच सुतार सामी आहे आणि अनेक यवनही आहेत. कुडे येथे माळी, लोखंडाचा व्यापारी आणि वैद्य यांच्या घराण्यांची दाने आहेत. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याची पोढी दिली, आणि इरिल, चिट व चंद या यवनांनीही दाने दिली. कान्हेरीला कल्याणच्या लोहाराने वाट करून दिली. नाशिकला उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी २००० च्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरे मिळावयाची होती. मुलांना हे व्याजाचे गणित फार आवडते.

कार्ल्याच्या चैत्यात एका बारा वर्षांच्या मुलीने आम्हांस विचारले, 'यांत आपले कोण?' आम्ही तिला स्तंभ मोजून नावे वाचावयास सांगितली. ती वाचून आली आणि म्हणाली, 'जात कोणीच लिहिली नाही. गाव लिहिले आहे, काम लिहिले आहे आणि काय दिले ते लिहिले आहे.' हे निरीक्षण सर्वच लेण्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाही. कुळाची, गोत्राची व ब्राह्मण दात्यांची नावेही आपल्या लेण्यांत आढळतात, आणि ते आम्ही तिला सांगितलेही. तथापि तिला जे दिसले ते महत्त्वाचे होते. या शिलांवर ज्यांचे नाव आहे ते कोणाच्या पोटी जन्मले म्हणून नव्हे, तर त्यांनी काही दिले म्हणून आहे. दूरच्या यवनाचे नाव आणि जवळच्या सुताराचे नाव एकाच सभागृहात, एकाच लिपीत, एकाच मापाने कोरले गेले. दायज्ज मिळविण्याची ही रीत आहे.

याचा अर्थ हिरावले गेल्याची कथा मुलांपासून लपवावी, असा मुळीच नाही. ती सांगितलीच पाहिजे आणि नेमकी सांगितली पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी प्रवेशद्वारापाशी असलेल्या टाक्यातील पाणी वापरले, तेव्हा पाणी विटाळल्याचा आरोप करीत लोक धावून आले. किल्ला पाहू देताना कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही अशी हमी घेतली गेली आणि सोबत शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपलाच वारसा पाहावयास निघालेल्या या थोर विद्वानाला पाण्यापाशी अडविले गेले, हे ऐकून मुले गप्प होतात. तो गप्पपणा संवेगाचा असतो. त्या वेळी आम्ही घाईने सांत्वन करीत नाही आणि कोणाकडे बोटही दाखवीत नाही. थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारतो: 'आपल्या ओळखीत आज पाण्यापाशी, खेळापाशी, पंगतीपाशी कोणाला अडविले जाते का? त्यात आपण कधी असतो का?' चाळीतील त्या मुलाने एकदा या प्रश्नावर हात वर केला होता.

बैराट येथे मिळालेल्या लेखात अशोकाने भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी पुनःपुन्हा ऐकावेत असे सात धम्मपर्याय सांगितले आहेत. त्यांतील एक म्हणजे मुसावादाविषयी राहुलाला केलेला उपदेश. अभ्यासक तो मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्ताशी जुळवितात. अट्ठकथेप्रमाणे तेव्हा राहुल सात वर्षांचा होता. पाण्याच्या भांड्याचे दृष्टान्त देऊन भगवंतांनी त्याला थट्टेतही खोटे न बोलण्याचे सांगितले, आणि आरसा जसा पाहण्यासाठी असतो तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असता व केल्यानंतर पाहून घ्यावे असे शिकविले. दायज्ज मागत आलेल्या मुलाला प्रव्रज्येनंतर मिळालेले धन ते हे.

विहारांत वर्ग चालविणाऱ्या आमच्या सहकारी उपासक-उपासिकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलांना लेणी दाखवा, लिपी शिकवा, दीक्षेच्या वेळी उपस्थित असलेल्या वृद्धांच्या आठवणी त्यांच्या नातवंडांकडून लिहून घ्या. त्या आठवणी सांगणारे आता थोडेच उरले आहेत. अभिमान वाटावा अशा गोष्टी सांगा. परंतु गोड लागते म्हणून असत्य सांगू नका आणि कडू लागते म्हणून सत्य वगळू नका. ज्या दिवशी इतिहासाच्या धड्यात मुलाला शेजाऱ्याचाच दोष दिसेल आणि स्वतःचे मुख दिसणार नाही, त्या दिवशी आरसा आपल्याच हातून उलटा धरला गेला, असे समजावे.